फिनाले बंद झालं. पण ऑपेराचा स्कोअर मांडतात तरी कसा?

२६ ऑगस्ट २०२४ रोजी मेकम्युझिक या अमेरिकी कंपनीने जाहीर केलं की फिनाले या सॉफ्टवेअरचं काम आम्ही थांबवतोय. नवी आवृत्ती नाही, विक्रीही बंद. पाश्चात्त्य संगीत कागदावर उतरवण्याचं हे १९८८ पासूनचं मातब्बर साधन. जगभरचे अरेंजर (कोणत्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहून देणारे), वादकांसाठी स्वरांच्या प्रती उतरवणारे, बँडमास्तर, शाळांतले संगीतशिक्षक यांच्यात हलकल्लोळ माजला. बडोद्यात त्याचं कोणाला काही वाटलं असेल असं नाही. पण सूरसागरजवळच्या म्युझिक कॉलेजात तबला शिकणाऱ्या एका मुलाने मला विचारलं, "काका, उद्या वर्ड बंद झालं तर माणूस दुसऱ्या कशात तरी टाइप करेल. हे लोक घरातलं माणूस गेल्यासारखे का रडतायत?"

प्रश्न रास्त आहे. मी थोडंफार हेच काम करतो, तरी मला दोन वाक्यांत उत्तर देता येईना. कारण संगीतकाराच्या डोक्यातला सूर आणि वाजवणाऱ्याच्या पुढ्यातला कागद यांच्या मधे एक अख्खं कसब बसलेलं आहे. ते नीट झालं असेल तर कोणाच्या लक्षातच येत नाही. त्यातला सगळ्यात अवघड नमुना घेऊन सांगतो, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल: संपूर्ण ऑपेराचा स्कोअर, म्हणजे गायक आणि सगळी वाद्यं यांचं संगीत एकत्र लिहिलेलं पुस्तक.

## एक ओळ आणि अठ्ठावीस ओळी

आपल्याला भातखंडे पद्धत परिचयाची. वर स्वर, खाली शब्द, त्याखाली तालाच्या खुणा. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. समेला फुली, खालीला शून्य. एक माणूस गातो ती एक ओळ. बंदिशीचा सांगाडा कागदावर येतो, उरलेलं गुरूच्या तोंडून घ्यायचं. लिहिण्याच्या या खटाटोपाशी बडोद्याचं नातं जुनं आहे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ मध्ये इथे गायनशाळा काढली आणि स्वतःच्या स्वरलिपीत धडे शिकवले. भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ मध्ये भरवली तीही इथेच.

ऑपेरात गोष्ट वेगळी. नाटक मुख्यतः गाऊनच होतं, रंगमंचाच्या पुढच्या खड्ड्यात वाद्यवृंद बसलेला असतो, आणि कोणी काय वाजवायचं ते बहुतेक सगळं आधीच लिहून ठेवलेलं असतं. एकेका क्षणाला पंचवीस-तीस वेगवेगळ्या ओळी चालू. प्रत्येक ओळ पाच आडव्या रेषांच्या पट्ट्यावर लिहितात, त्याला स्टाफ म्हणतात. उभ्या रेघांनी पट्ट्याचे कप्पे पाडतात, ते बार. सगळे स्टाफ एकाखाली एक रचून जे पुस्तक होतं तो स्कोअर. वर फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून, मग हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, मग नगाऱ्यासारखे टिम्पनी आणि बाकीची तालवाद्यं, मग हार्प, मग गाणारे, आणि तळाला व्हायोलिनपासून डबल बासपर्यंत तंतुवाद्यं. हा ढीग एकट्या कंडक्टरपुढे, म्हणजे हातवारे करून वाद्यवृंद चालवणाऱ्यापुढे असतो. वाजवणाऱ्याला फक्त त्याची ओळ मिळते, तिला पार्ट म्हणतात. शिवाय गायकांच्या तालमीसाठी तिसरं पुस्तक लागतं, ज्यात वाद्यवृंदाचा अर्क काढून तो पियानोवर वाजेल असा केलेला असतो.

म्हणजे एक ऑपेरा, पण पुस्तकं तीन प्रकारची, आणि तिन्ही एकमेकांशी जुळली नाहीत तर चालत नाही. हे सगळं वाचण्याजोगं मांडण्याच्या कामाला एनग्रेव्हिंग म्हणतात.

## धातूच्या पत्र्यापासून माउसपर्यंत

हे नाव खोदकामाचं आहे आणि ते काम खरोखरच खोदण्याचं होतं. जस्तासारख्या दिसणाऱ्या मऊ प्युटरच्या पत्र्यावर पाच दात्यांच्या अवजाराने रेषा ओढायच्या, मग स्वरांचे ठसे हातोडीने ठोकायचे. सगळं उलटं, आरशात दिसेल तसं, उजवीकडून डावीकडे. चूक झाली तर पत्रा पालथा घालून मागून ठोकायचा, पृष्ठभाग घासून सपाट करायचा आणि पुन्हा ठसा. दाट पानावर कारागिराचे कितीतरी तास जात. उमेदवारी वर्षानुवर्षं चाले. लाइपझिग हे या धंद्याचं माहेरघर.

त्या कारागिरांनी जे नियम बसवले तेच आज सॉफ्टवेअरच्या पोटात आहेत. फिनाले, सिबेलियस, डोरिको, म्यूझस्कोअर, लिलीपाँड, कोणतंही घ्या. आज्ञा देण्याची तऱ्हा तेवढी निराळी. लिलीपाँडमध्ये तर माउसही नाही, सगळं मजकुरासारखं टाइप करायचं आणि ते पान बनवून देतं.

## तीनशे नव्वद मिलिमीटरचा हिशेब

आता प्रत्यक्ष एक पान घेऊ. मोठा स्कोअर साधारण ए-थ्री कागदावर छापतात, म्हणजे आपण दोन ए-फोर शेजारी ठेवल्यावर होतो तेवढा. उंची ४२० मिलिमीटर. वर-खाली १५-१५ सोडले की उरले ३९०. समूहगान, सगळी वाद्यं, चार मुख्य गायक असा भरगच्च प्रसंग असेल तर स्टाफ सहज २८ होतात. एकेका स्टाफच्या वाट्याला आले १४ मिलिमीटरपेक्षाही किंचित कमी. स्टाफ स्वतः पाच मिलिमीटर उंच ठेवला तर मधे जेमतेम नऊ उरतात.

त्या नऊ मिलिमीटरमध्ये काय काय बसवायचं? वरच्या स्टाफच्या खाली लोंबणारे खर्जाचे स्वर, खालच्या स्टाफच्या डोक्यावर चढलेले तारसप्तकातले स्वर, हळू-जोराच्या खुणा, स्वर जोडणाऱ्या कमानी, आणि गायकाच्या ओळीत शब्द. स्टाफ आणखी लहान करा म्हणाल, तर कंडक्टर तो मीटरभर अंतरावरून, उभ्याने, खड्ड्यातल्या मिणमिणत्या दिव्यात वाचणार आहे. पार्टमध्ये स्टाफ सात मिलिमीटरच्या आसपास ठेवतात, तेही दोन व्हायोलिनवाले एका स्टँडवर मान वाकडी करून बघणार म्हणून.

मग एक युक्ती: जे वाद्य त्या पानावर गप्प आहे त्याचा स्टाफ लपवून टाकायचा. सॉफ्टवेअर हे एका क्लिकमध्ये करतं, आणि इथेच नवशिक्यांचा घात होतो. मागच्या पानावर वरून चौथी ओळ बसूनची होती, या पानावर चौथी ओळ पहिल्या व्हायोलिनची. प्रत्येक ओळीपुढे वाद्याचं नाव नसेल तर कंडक्टरचा डोळा भलत्याच ओळीवर पडतो. माझं मत विचाराल तर कागद वाचवण्यासाठी हे करू नये. प्रसंगच लहान असेल, एक गायिका आणि तंतुवाद्यं एवढंच असेल, तेव्हा करावं; मोठ्या वृंदात चार बार कोणी थांबलं म्हणून त्याचा स्टाफ गायब करू नये.

रावपुऱ्यात ए-थ्री दोन्ही बाजूंनी काढायला गेलो की झेरॉक्सवाला भाई पहिलं वाक्य म्हणतो, "मार्जिन कपाई जशे, साहेब." म्हणजे मार्जिन कापलं जाईल. त्याचं खरं आहे. त्याच्या मशीनला कडेचे काही मिलिमीटर छापता येत नाहीत, म्हणून १५ सोडायचे. दहावर भागवायला गेलात तर डबल बासची शेवटची रेष कागदाबाहेर.

## जागा वाटायची कशी?

उभ्या जागेचा हिशेब झाला. आडव्या जागेचा त्याहून नाजूक. एकाच क्षणी वाजणारं सगळं एकाच उभ्या रेषेत यायला हवं. वरचा फ्लूट एका मात्रेत आठ स्वर घेतोय आणि खालचा बास एकच लांब स्वर धरून बसलाय. लांब स्वराला किती जागा द्यायची?

पहिलं मनात येतं ते असं: दुप्पट लांबीच्या स्वराला दुप्पट जागा. तसं करून पाहिलं की पान विचित्र दिसतं, लांब स्वरांभोवती ओसाड मैदान आणि छोट्या स्वरांची चेंगराचेंगरी. पंगतीत पानं मांडणाऱ्याला हे माहीत असतं: मोठ्या माणसाला एक पाट दिला म्हणून पोराला अर्धा देता येत नाही, ताट तर त्याचंही पूर्णच मांडावं लागतं. स्वरांचंही तेच. दुप्पट लांबीला साधारण दीडपट जागा, हे गणित खोदणाऱ्या कारागिरांनी डोळ्याने बसवलं होतं, आज प्रोग्रॅममध्ये आकड्याने बसवलेलं आहे. वरून गायकाचे शब्द. 'निस्तब्ध' असा लांब-रुंद शब्द तीन छोट्या स्वरांखाली आला की शब्दांना जागा देण्यासाठी स्वर पसरतात, आणि गाणाऱ्याच्या एका शब्दापायी सत्तावीस स्टाफ खेचले जातात. सॉफ्टवेअर ते निमूट करतं. लय मात्र कागदावर लंगडी दिसायला लागते, आणि मग माणूस बसून शब्द थोडा डावीकडे सरकवतो, शेजारच्या बारची जागा चोरतो, पुढची ओळ खाली ढकलतो.

## संगणकाला कळत नाही अशा तीन गोष्टी

पहिली, स्वराचं नाव. पेटीवर एक काळी पट्टी म्हणजे एक सूर. स्टाफवर त्याच पट्टीची निदान दोन नावं असतात: खालच्या पांढरीचा शार्प किंवा वरच्या पांढरीचा फ्लॅट. मिडी कीबोर्डवर, म्हणजे संगणकाला जोडलेल्या पट्ट्यांवर, वाजवून लिहिलं तर संगणकाला फक्त पट्टी कळते, नाव तो अंदाजाने टाकतो. व्हायोलिनवाला चुकीचं नाव वाचून कुरकुरेल पण वाजवेल. हार्पवाला अडकेल. हार्पला सात पेडल असतात, सात स्वरनामांसाठी एकेक, आणि प्रत्येकाच्या तीन जागा: फ्लॅट, मधली, शार्प. एका बारमध्ये डी शार्प आणि पुढच्याच मात्रेला विनाकारण ई फ्लॅट लिहिला, तर सूर तोच पण पाय दोन वेगळ्या पेडलांवर नाचवायचे. संगणकातली हार्प हे हसतखेळत वाजवते, तिला पायच नाहीत.

दुसरी, वाद्याची पट्टी. गाणाऱ्या मंडळींना हे चटकन कळेल. एकाचा सा पांढरी एक, दुसरीचा सा काळी चार. दोघंही 'सा'च म्हणतात. स्टाफवर खरं तर स्वर ठाम असतात, पण काही वाद्यं अपवाद. बी फ्लॅट क्लॅरिनेटवाल्याने सी वाचला की बाहेर बी फ्लॅट येतो, एक पूर्ण स्वर खाली. म्हणून त्याचा पार्ट एक स्वर वर लिहावा लागतो. एफ हॉर्नचा पार्ट पाच स्वरांच्या अंतराने वर, म्हणजे सा ऐवजी प. हे रूपांतर सॉफ्टवेअर बिनचूक करतं, आणि ही त्याची खरी मोठी सोय आहे. हाताने कॉपी करणाऱ्यांची निम्मी डोकेदुखी तिथेच संपली. पण कंडक्टरला सगळं खऱ्या सुरात हवंय की वादकाला दिसतं तसं, हे विचारून घ्यायला लागतं. गुंता काही आजचा नाही. इटालियन संगीतकार मॉन्टेव्हर्दीचा 'ऑर्फेओ' हा ऑपेरा १६०७ मध्ये मान्तुआला झाला आणि १६०९ मध्ये व्हेनिसला छापला गेला. त्याच्या सुरुवातीच्या वाद्यसंगीताला छापील सूचना आहे की पडदा उठण्याआधी तीन वेळा वाजवा, आणि ट्रम्पेटना आवाज दबवणारी बुचं लावणार असाल तर एक स्वर वरून वाजवा. चारशे वर्षांपूर्वीच्या पानावरची ही सूचना वाचून मला फार धीर आला होता.

तिसरी गोष्ट म्हणजे माणसाचं शरीर. स्कोअरमध्ये 'पित्सिकातो' लिहिलं की व्हायोलिनवाला बोटाने तार छेडतो, 'आर्को' लिहिलं की पुन्हा गज. दोन्हींच्या मधे अर्धी मात्राही ठेवली नसेल तर गज हातात धरायला वेळ कुठून आणायचा? तारांखालच्या घोडीवर आवाज दबवणारा म्यूट चढवायचा, क्लॅरिनेट बदलून दुसरं घ्यायचं, ओबोवाल्याने श्वास घ्यायचा. संगणकाचा प्लेबॅक, म्हणजे लिहिलेलं त्याने आपणच वाजवून दाखवणं, सगळं सुरळीत ऐकवतो. म्हणून प्लेबॅक ऐकून 'झालं' म्हणणाऱ्या माणसाचा पार्ट हातात आला की मी आधी पेन्सिल शोधतो.

## तीन ताल एकाच पानावर

ज्यांना लयकारीची आवड आहे त्यांच्यासाठी खास. मोझार्टचा 'दोन जोव्हान्नी' हा ऑपेरा प्रागला १७८७ मध्ये पहिल्यांदा झाला. पहिल्या अंकाच्या शेवटी मेजवानीचा प्रसंग आहे आणि रंगमंचावर तीन छोटे वाद्यवृंद तीन नाच एकदम वाजवतात. एकाचा बार तीन मात्रांचा, दुसऱ्याचा दोन मात्रांचा, तिसऱ्याचा तर अख्खा बारच पहिल्याच्या एका मात्रेत बसतो, तीन छोट्या ठोक्यांनी. हिशेब लावा: पहिल्याचे दोन बार, दुसऱ्याचे तीन, तिसऱ्याचे सहा, की सगळे एका रेषेवर. आपल्या भाषेत सम येते. त्यात पुन्हा मागून येणारे वृंद वाजवण्याआधी वाद्यं लावतात, आणि ते तार जुळवणंही मोझार्टने स्वरांत लिहून दिलंय. माणूस वात्रट होता.

आता हे मांडायचं कसं? बहुतेक सॉफ्टवेअरचा जन्मजात समज असा की बारची रेघ वरपासून खालपर्यंत सगळ्यांना एकच. काहींत प्रत्येक स्टाफला वेगळा ताल सरळ देता येतो, काहींत खोटे बार करून, रेघा लपवून भागवावं लागतं. पण मला जास्त मौज वाटते ती बारच्या क्रमांकाची. तालमीत कंडक्टर म्हणतो, अमुक नंबरच्या बारपासून घ्या. इथे तीन वृंदांचे तीन क्रमांक! कोणाचा खरा? यावर यंत्राजवळ उत्तर नाही. जिथे सम येते अशा जागी ठळक अक्षरं टाकायची, ए, बी, सी, आणि सगळ्यांना सांगायचं की आकडे विसरा. एवढा साधा इलाज, पण तो सुचायला तालमीत बसलेला माणूस लागतो.

## पार्टची पानं

स्कोअर तयार झाला की पार्ट आपोआप निघतात, अशी जाहिरात असते. निघतात हे खरं. आणि ते स्कोअरला जोडलेले राहतात, म्हणजे स्कोअरमध्ये स्वर दुरुस्त केला की पार्टमध्येही होतो. हाताच्या काळात एक स्वर बदलला की सगळे पार्ट शोधत बसावं लागे, त्या मानाने चैन आहे.

पण निघालेला पार्ट आणि वाजवण्याजोगा पार्ट यांत अंतर आहे. पान उलटायला एक हात लागतो आणि व्हायोलिनला दोन्ही. म्हणून उजव्या पानाचा शेवट विश्रांतीवर यायला हवा. दुसऱ्या व्हायोलिनला मोठमोठ्या प्रवेशांत विश्रांतीच नसते. मग पान अर्धं रिकामं सोडून पुढचा मजकूर पुढे ढकलायचा, किंवा ओळी दाटीने बसवून विश्रांतीपर्यंत खेचायच्या. ट्रॉम्बोनवाल्याचं उलट. तो शंभर-दीडशे बार गप्प बसतो. त्याला नुसता आकडा दिला तर मोजता मोजता पेंगेल. त्याच्या पार्टमध्ये, प्रवेशाच्या आधी, गायिकेची ओळ शब्दांसकट बारीक अक्षरात छापायची, म्हणजे ते ऐकू आलं की त्याने वाद्य उचलावं. कुठली ओळ छापायची? जी त्याला त्याच्या खुर्चीवरून ऐकू येईल ती. खड्ड्यात टिम्पनीच्या शेजारी बसलेल्याला बासरीचा नाजूक तुकडा देऊन उपयोग काय?

## शब्द देवनागरीत असले तर?

इथे वाद्यवृंदासाठी नाट्यपद मांडायचं म्हटलं की हा प्रश्न येतोच. भातखंडे पद्धतीत एक अक्षर लांबवायचं तर पुढे अवग्रह लिहितो, की ऽ ऽ ऽ. स्टाफखाली त्याऐवजी अक्षरापुढे आडवी रेघ ओढतात, आणि शब्दातल्या अक्षरांमध्ये छोटी रेघ. रोमन लिपीत ठीक. देवनागरीत 'सत्य' दोन स्वरांवर बसवायचा तर 'सत्' आणि 'य' असा पाय मोडून लिहायचा, की 'स' आणि 'त्य'? गाताना ऐकू येतं ते पहिलं, डोळ्याला सवय आहे ती दुसऱ्याची. मी 'स-त्य' लिहितो आणि गाणाऱ्यावर सोडतो. परदेशी गायक असेल तर पहिलं द्यावं. जुन्या आवृत्त्यांत जोडाक्षरं फुटून मात्रा बाजूला पडायच्या, आता चित्र बरंच सुधारलंय. तरी फाइल दुसऱ्याला पाठवण्याआधी पीडीएफ उघडून शब्द वाचून पाहावेत.

## "एआय करेल की आता!"

हे हमखास ऐकायला मिळतं. छापील पानाचा फोटो काढून स्वर ओळखणारे प्रोग्रॅम बऱ्याच वर्षांपासून आहेत, ऑडिव्हेरिस नावाचा तर फुकट मिळतो. स्वच्छ छापील पियानोचं पान असेल तर चांगलं काम करतात. जुनं, पुसट, अठ्ठावीस स्टाफचं पान दिलं की चुका सुधारण्यात इतका वेळ जातो की हाताने लिहिणं परवडलं. ऐकून लिहिणाऱ्याचं दुखणं वेगळं. गायक भावनेने लय किंचित ओढतो आणि यंत्र त्या ओढीलाच खरा ताल समजून बत्तिसाव्या हिश्शाचे स्वर छापून ठेवतं. हे सुधारत जाणार यात शंका नाही, टंकनाचा कंटाळा यंत्राने नेला तर मी पेढे वाटीन. ट्रॉम्बोनवाल्याला काय ऐकू येतं हे मात्र कोणत्याच फोटोत नसतं.

"कागद कशाला, टॅबलेट आहे ना?" बरोबर, पायाच्या पेडलने पान उलटतं, त्यामुळे पानाचा शेवट विश्रांतीवर आणायची निकड कमी झाली. पण टॅबलेटचा पडदा सहसा ए-फोरहून लहान, म्हणजे स्टाफ पुन्हा बारीक. जागेचा हिशेब चुकत नाही.

"आणि आपल्याकडे ऑपेरा बघतंय कोण?" फार लोक नाहीत. मुंबईत एनसीपीएचा (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेचा) सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे, रॉयल ऑपेरा हाउस २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. पण कसब ऑपेरापुरतं नाही. हिंदी चित्रपटांच्या सुवर्णकाळातली गाणी गोव्याकडच्या अरेंजरनी स्टाफवरच लिहून वादकांपुढे ठेवली होती. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा ही त्यातली मोठी नावं. हाताने लिहिलेल्या त्या कागदांतलं फार थोडं जपलं गेलं. आज कोणी ती गाणी वाद्यवृंदावर उभी करू पाहतो तेव्हा ध्वनिमुद्रिका ऐकून एकेक ओळ पुन्हा लिहावी लागते.

## मग फिनालेवाले का रडले?

आता त्या तबलजीच्या प्रश्नावर येऊ. वर सांगितलेली प्रत्येक युक्ती, सरकवलेला प्रत्येक शब्द, लपवलेली प्रत्येक रेघ, हे सगळं फिनालेच्या स्वतःच्या फाइलमध्ये साठलेलं आहे. ती फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जशीच्या तशी उघडत नाही. देवाणघेवाणीसाठी म्यूझिक-एक्सएमएल नावाचा सगळ्यांना कळणारा प्रकार आहे, त्याची पहिली आवृत्ती २००४ मध्ये आली. त्यातून स्वर, ताल, शब्द, खुणा बऱ्यापैकी शाबूत पोचतात. डोळ्याने आणि हाताने केलेली मांडणी बरीचशी पोचत नाही. दोनशे पानांच्या ऑपेराचं हे काम महिनोन्‌महिने चाललेलं असतं, आणि ते पुन्हा करायचं. वर्डचा मजकूर दुसरीकडे नेला तर अक्षरं पुढे-मागे होतात, अर्थ बदलत नाही. इथे मांडणी हाच वाचणाऱ्याच्या दृष्टीने निम्मा अर्थ आहे.

फिनालेच्या मालकांनी आधी सांगितलं होतं की वर्षभरानंतर ते नव्या संगणकावर चालू करून मिळणार नाही. ओरड झाल्यावर ते बदललं. तरी उद्या विंडोज किंवा मॅक पुढे गेलं की जुनं सॉफ्टवेअर मागे पडणार हे उघड आहे. हा धंदा असाच चालत आलाय. सिबेलियसच्या मालक कंपनीने २०१२ मध्ये लंडनचं कार्यालय बंद केलं, तिथली मंडळी स्टाइनबर्ग या दुसऱ्या कंपनीकडे गेली आणि त्यांनी नव्याने लिहिलेला डोरिको २०१६ मध्ये बाजारात आला. फिनाले बंद करताना कंपनीने आपल्या ग्राहकांना त्याच डोरिकोकडे पाठवलं.

तेव्हा ज्यांच्याकडे जुन्या फिनालेच्या फाइली आहेत त्यांनी सॉफ्टवेअर चालतंय तोवर प्रत्येक फाइल तीन रूपांत ठेवावी: मूळ, म्यूझिक-एक्सएमएल आणि पीडीएफ. पीडीएफ फक्त चित्र आहे, पण मांडणी कशी होती ते त्यातच दिसतं.

आणि ज्यांना नव्याने शिकायचंय त्यांनी पैसे घालवण्याआधी म्यूझस्कोअर उतरवून घ्यावं. फुकट आहे, देवनागरी शब्द नीट घेतं आणि चार-पाच स्टाफच्या कामाला पुरून उरतं. एखादं पद घ्या, गाणारा, पेटी, दोन व्हायोलिन आणि एक चेलो एवढंच मांडा. मग दुसऱ्या व्हायोलिनचा पार्ट काढून छापा, वाजवणाऱ्याच्या हातात द्या, आणि पान उलटताना त्याचं काय होतं ते बघत उभे राहा.